नर्सबाईंची नक्कल

३ फेब्रुवारी

धाकटीने आज मलाच फैलावर घेतलं. कॉलेजात निबंध लिहायचाय – लोकांचा राजकारणावरचा विश्वास कधी उडाला आणि कसा. अर्धं पुस्तकात मिळालं म्हणे, उरलेलं माणसांना विचारायचंय. पेन उघडून समोर बसली. "बाबा, तुमचा कधी उडाला?"

मी म्हटलं, उडायला आधी बसलेला लागतो.

तिने हे लिहून घेतलं नाही. हसलीही नाही. म्हणाली, "सलूनमधल्या नकला नकोत, खरं सांगा."

ही आतून म्हणाली, "त्यांना काय विचारतेस? ते जन्मलेच तोंड वाकडं करून."

तेवढ्यावर सुटलो. पण प्रश्न डोक्यात राहिला.

५ फेब्रुवारी

धाकटीला साउंडच्या दुकानात आणून धंदाच दाखवला. हेडफोन तिच्या कानावर घातले आणि मी पलीकडे, शटरजवळ, माईक हातात घेऊन पुटपुटलो – "तुझी आई ऐकत नाहीये ना?" ती दचकली. दोन माणसांच्या अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला ऐकू आलं नसतं, तिला श्वासासकट ऐकू आलं.

तिला सांगितलं, सभेआधी माईक चालूच ठेवावा लागतो. बाहेरच्या स्पीकरला आवाज बंद, मिक्सरवरची पट्टी खाली, पण माझ्या कानात सगळं. नाहीतर साहेब बोलायला उभे राहिले की पहिली शिट्टी वाजते आणि शिव्या मला. त्यामुळे कोण कुणाच्या कानात काय बोललं, ते मला फुकटात. सगळ्या पक्षांचं. स्पीकरला पक्ष नसतो.

मग मास्तरांची गोष्ट सांगितली. मास्तर म्हणजे कामगारांचे पुढारी, आमच्या वडिलांचं दैवत. मास्तरांची सभा असली की वडील दुपारीच शर्टाला इस्त्री करून ठेवायचे, बटणं तपासायचे, लग्नाला निघाल्यासारखे. मी धंद्यात नवा असताना मास्तरांच्याच सभेचं काम मिळालं. कारखाना बंद पडला होता, मास्तर कामगारांवर बोलता बोलता रडले. सगळं मैदान रडलं. मीही. मग ते खाली बसले आणि शेजारच्याला म्हणाले, "पुढच्या ठिकाणी दुसरा रुमाल द्या. हा नुसता चुरगळतो, भिजलेला दिसत नाही."

घरी येऊन वडिलांना जसंच्या तसं करून दाखवलं. मास्तरांचा आवाज, तो हुंदका, मग थोडं थांबून तो रुमाल. मला आवाज काढता येतात हे मला तेव्हाच कळलं. वडील हसले! पोट धरून हसले. मग उठून तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ नळ सोडून ठेवला. मला वाटलं, काय झकास जमलं.

त्यानंतर ते सभेला गेले नाहीत. म्हटलं, बरं झालं, शहाणे झाले.

धाकटी म्हणाली, "पण बाबा, संशय घेणारा माणूस प्रश्न विचारतो. तुम्ही विचारता कुठे? तुमचं उत्तर आधीच तयार असतं." हे तिच्या पुस्तकातलं असणार. चहा मागवला आणि विषय बदलला.

८ फेब्रुवारी

नर्सबाई दुकानात आल्या. गल्लीतला त्यांचा पालिकेचा संध्याकाळचा दवाखाना बंद झाल्यापासून त्या दिसल्या नव्हत्या. वॉर्डातून निवडणुकीला उभ्या राहतायत. चार सभा, लहान सेट पुरेल.

सोबत कागदांचा गठ्ठा घेऊन कोण? आमची धाकटी! प्रचाराला लागलीय. मला सांगायचं राहिलं म्हणे.

नर्सबाईंनी माईक हातात घेऊन पाहिला. थर्मामीटर धरावा तसा, दोन बोटांत, आधी झटकून. मला तेव्हाच हसू फुटत होतं.

११ फेब्रुवारी, रविवार

सलून भरलेलं. वस्ताद दाढी करता करता म्हणाला, "चला, या आठवड्याचा माल काढा." आधी नगरसेवक काढले – ते भाषणाआधी भाच्याला विचारतात ना, "आज कुठली बाजू आपली?" ते. हे जुनं झालंय पण लोकांना जुनंच लागतं.

मग नर्सबाई. काल त्यांची पहिली सभा झाली. उभ्या राहिल्या, माईक झटकला आणि समोरच्या माणसांना म्हणाल्या, "घाबरू नका, काही दुखणार नाही." सवयीनेच तोंडून गेलं असणार. सलूनमध्ये मी नुसता वस्तादाचा ब्रश दोन बोटांत धरून झटकला, थांबलो, आणि तेवढं वाक्य टाकलं. पोस्टमनकाका खुर्चीतून घसरायचे बाकी राहिले. वस्तादाने हात आवरला म्हणून एक कान वाचला.

कुणी विचारलं, बाई कशी आहे हो? म्हटलं, नोकरी गेली म्हणून उभी राहिली, दुसरं काय. सगळे सारखेच.

हे म्हटलं की सगळे मान डोलावतात. बरं वाटतं.

१४ फेब्रुवारी

गल्लीतली पोरं आता खेळताना "घाबरू नका, काही दुखणार नाही" म्हणून एकमेकांना ढकलतात. ही म्हणाली, तुमचंच ना हे? मी कॉलर ताठ केली. धाकटी जेवायला आली नाही, भूक नाही म्हणाली.

२० फेब्रुवारी

आज जे ऐकलं ते नीट लिहून ठेवतो.

नर्सबाईंची तिसरी सभा, पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात. लोक जमत होते. मी मिक्सरपाशी, हेडफोन कानावर, पट्टी खाली. बाई स्टेजमागे खुर्चीत, माईक मांडीवर, खटका चालू. त्यांना त्यातलं काही कळत नाही. नगरसेवकांचा भाचा आला. मला तो दिसत नव्हता, पण तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

भाचा म्हणाला, "बाई, कशाला दगदग? अर्ज मागे घ्यायची वेळ गेली, ठीक आहे. नुसतं शेवटच्या सभेत आम्हाला पाठिंबा देऊन टाका. पलीकडच्या नव्या हॉस्पिटलात मुख्य नर्स. राहायला जागा. मामांनी शब्द दिलाय."

मी कान टवकारले. पुढचं मला पाठ होतं. गेली कितीतरी वर्षं हेच संवाद ऐकतोय. आता घसा साफ होणार, मग "विचार करते", मग "शब्द नक्की ना?"

बाई म्हणाल्या, "तिकडे दोन बस बदलून जावं लागतं. आपल्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला नाही जमत."

भाचा म्हणाला, "अहो, तुमचं बोलतोय मी, म्हाताऱ्यांचं नाही."

"कळलं मला. नको मला. दवाखाना होता त्याच दारात उघडा, मी आत्ता माझी सभा गुंडाळते. उघडता? नाही ना. मग सरका, मला बोलायला जायचंय."

तो गेला. मग माझ्या कानात नुसता बाईंचा श्वास. माईक पदराला घासत होता.

माझं बोट पट्टीवर होतं. नुसती वर सरकवली असती तर सगळ्या मैदानाने ऐकलं असतं. भाच्याच्या आवाजात, बाईंच्या आवाजात, ताजं. मी सरकवली नाही. धंद्याचा नियम आहे – जे लोकांसाठी बोललेलं नाही ते बाहेर सोडायचं नाही. आजवर कधी मोडला नाही. मला त्याचा अभिमान आहे.

आणि रविवारी सलूनमध्ये बसून तेच वाटतो. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

बाई स्टेजवर गेल्या. माईक झटकला. "घाबरू नका" म्हणायच्या आतच मागची पोरं ओरडली, "काही दुखणार नाही!" मैदान हसलं. त्या थांबल्या, मग दवाखान्यावर बोलल्या. निम्म्या लोकांनी ऐकलं.

२१ फेब्रुवारी

कुणाला काही सांगितलं नाही. सांगायचं काय? साउंडवाल्याने एक खरा माणूस पाहिला? लोक म्हणतील, याला ताप आलाय.

२२ फेब्रुवारी

शेवटी धाकटीला सांगितलं. वायर गुंडाळत होतो, ती दुसरं टोक धरून होती. ती टोक हातात धरून तशीच उभी राहिली. डोळे असे चमकले, लहानपणी सर्कशीला नेतो म्हटल्यावर चमकायचे तसे.

"बाबा, हे तुम्ही सलूनमध्ये सांगा. मी दारोदार ओरडले तरी लोक म्हणतात, पोरगी कॉलेजातली आहे. तुमचं सगळे ऐकतात. तुम्ही कुणाचे नाही हे सगळ्यांना माहीत आहे."

मी म्हटलं, बघू.

"बघू नका. सांगा." मग हळूच म्हणाली, "माझं पहिलं मतदान आहे."

लेकीने माझ्याकडे काही मागून किती दिवस झाले होते. हो म्हटलं.

२५ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. त्यापेक्षा गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं.

काय चुकलं ते मला कळतंय आणि तेच जास्त लागतंय. मला साधं सांगताच येत नाही. घरून निघताना ठरवलं होतं, सरळ सांगायचं, बातमी सांगतात तसं. पण वस्ताद म्हणाला "काढा माल", आणि तोंड उघडलं तर भाच्याचाच आवाज निघाला. नाकातला, तुपात घोळलेला. "बाई, कशाला दगदग?" झालं! सलून पेटलं. मग बाईंचा आवाज काढला. काढायला नको होता, पण भाच्याचा काढल्यावर बाईंचा साध्या आवाजात कसा सांगू? त्यांचं पहिलं वाक्य संपायच्या आधीच पोस्टमनकाका डोळे पुसायला टॉवेल शोधत होते.

मी शेवटपर्यंत सांगितलं. "नको मला, सरका." आणि थांबलो. सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. पुढच्याची वाट बघत.

वस्ताद म्हणाला, "आणि मग?"

मी म्हटलं, मग काही नाही. नाहीच म्हणाल्या.

"अहो, पण शेवट?"

हाच शेवट, म्हटलं. खरंच नाही म्हणाल्या.

मग पोस्टमनकाकांनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे मुख्य नर्सवर भागत नाही! वरचं काहीतरी हवंय!" आणि जे हसले सगळे. माझ्या आजवरच्या कुठल्याच गोष्टीला इतके हसले नसतील. मी म्हणत होतो, तसं नाही, ऐका. वस्ताद डोळे पुसत म्हणाला, "बघा, अजून चेहरा सरळ! काय कलाकार आहे."

सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत मी त्यांना एकच शेवट शिकवला. आता दुसरा चालत नाही.

२६ फेब्रुवारी

गोष्ट माझ्याआधी घरी पोहोचली. धाकटी पत्रकं वाटत होती, एका घरातल्या बाईने तिला भाच्याचा आवाज काढून दाखवला. आवाज काढून! शेवट पोस्टमनकाकांचा. "सौदा चालू आहे म्हणे, आकड्यावर अडलंय. तुझ्या बाबांनीच सांगितलं ना?"

कालपर्यंत त्या वॉर्डात कुणाला सौद्याचा पत्ता नव्हता. आता सगळ्यांना आहे, आणि तो नर्सबाईंचा आहे.

धाकटी ओरडली असती तर बरं वाटलं असतं. चप्पल काढून नीट ठेवली आणि विचारलं, "तुम्ही आवाज काढून सांगितलंत?"

हो म्हटलं.

"बरं," म्हणाली.

१ मार्च

शेवटची सभा. आज मी जे केलं ते आयुष्यात केलं नव्हतं. नर्सबाई यायच्या आधी माईक घेऊन स्टेजवर चढलो. आजवर माईकवर माझं एकच भाषण – हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन.

म्हटलं, मंडळी, मी ऐकलंय ते माझ्या तोंडून ऐका. विनोद नाही. बाईंना पद देत होते, बाईंनी नाकारलं. दवाखाना उघडा म्हणाल्या.

आवाज कापत होता. तो माझा आवाज होता, कुणाचा काढलेला नव्हता, म्हणून मलाच अनोळखी लागत होता. मागून कुणीतरी ओरडलं, "भाच्याचा काढा!" दुसरा म्हणाला, "रुमाल! रुमालाचं करा!" टाळ्या पडायला लागल्या. माझे डोळे भरून आले, ते पुसायला मी खिशातून रुमाल काढला आणि पुढच्या रांगेने शिट्ट्या मारल्या. मास्तरांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. मीच पाठ करून घेतलीय.

खाली उतरलो. नर्सबाई पायऱ्यांशी उभ्या होत्या. माझ्या हातातून माईक घेतला, झटकला नाही, तसाच धरून वर गेल्या.

आज त्या "घाबरू नका" म्हणाल्या नाहीत. सरळ "नमस्कार" म्हणाल्या. ते मला फार लागलं.

४ मार्च

मतदान. स्पीकरला सुट्टी. दरवेळी या दिवशी मी ताणून देतो. आज इस्त्रीचा शर्ट घातला. ही म्हणाली, "कुठे, लग्नाला?" धाकटी माझ्याआधीच जाऊन आली होती. बोटावरची शाई तिने दाखवली नाही. मी पाहिली.

रांगेत पोस्टमनकाका भेटले नाहीत. वस्तादही नाही. संध्याकाळी वस्ताद म्हणाला, "कुणासाठी जायचं? तुम्हीच म्हणता ना."

६ मार्च

नर्सबाई पडल्या. फार मागे नव्हत्या. जे आले नाहीत त्यातले निम्मे आले असते तरी चित्र वेगळं दिसलं असतं. वॉर्डात निम्मे लोक घरीच होते.

नगरसेवकांच्या विजयाच्या मिरवणुकीला सेट माझाच. आगाऊ ठरलेलं होतं. भाचा पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुमची नक्कल भारी हं. मामासुद्धा हसले."

घरी आलो तर धाकटीच्या खोलीचं दार लोटलेलं. बाहेर उभा राहिलो. मग परत आलो.

९ मार्च

मैदानात विसरलेली केबल द्यायला नर्सबाई आल्या. नीट गुंडाळून, रबर लावून. असं कुणी परत करत नाही.

मी म्हटलं, बाई, मी चांगल्यासाठीच सांगायला गेलो होतो.

"माहीत आहे. तुमची मुलगी म्हणाली." मग म्हणाल्या, "तुम्हाला त्या दिवशी सगळं ऐकू येत होतं?"

हो म्हटलं.

"बरं झालं. मला वाटलं होतं, मी नाही म्हटलेलं कुणालाच माहीत नाही."

मला मान वर करवेना. म्हटलं, ती पट्टी वर सरकवायला हवी होती मी.

त्यांनी केबल टेबलावर ठेवली. जाताना दारात थांबल्या. "ते घाबरू नका म्हणायचे ना, ते लोकांना नव्हतं हो. मला स्वतःला म्हणायचे. सुई हातात घेतली की पहिल्या दिवसापासून तेच म्हणत आलेय. मलाच भीती वाटते."

हे मी सलूनमध्ये कुणाला सांगणार नाही. सांगितलं तरी हसतील.

१० मार्च

धाकटीला विचारलं, निबंध दिलास का?

दिला म्हणाली.

काय लिहिलंस?

"पुस्तकातलं."

११ मार्च, रविवार

सलूनला गेलो नाही. घरीच दाढी केली, दोन ठिकाणी कापलं. ही म्हणाली, बरं नाही का? म्हटलं, बरं आहे.

दुपारी वस्तादाने निरोप पाठवला – माल संपला की काय? उत्तर पाठवलं नाही. धाकटीचा प्रश्न आठवत होता. मी तिला मास्तरांचा रुमाल सांगितला, तो खराच आहे. मास्तर तसे बोलले, मी माझ्या कानांनी ऐकलं. पण एका रुमालावर मी सगळ्यांना कापून काढलं. दुसरा कुणी रडला तर त्याचा रुमाल ओला आहे का, हे जवळ जाऊन कधी पाहिलं नाही.

तिला हे सांगायला हवं. तिच्या निबंधात बसलं असतं.

१४ मार्च

आज धाकटी बऱ्याच दिवसांनी जेवायला आमच्यासोबत बसली. मोकळी वाटली. ही म्हणाली, काय गं, प्रचाराचं काही सांगितलंच नाहीस. धाकटीने ताटातला चमचा उचलला. दोन बोटांत धरला, झटकला. थोडं थांबली – बरोबर तेवढंच, जेवढं मी थांबतो. मग म्हणाली, "घाबरू नका, काही दुखणार नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "सगळे सारखेच, नाही का बाबा?"

हुबेहूब. ही हसून हसून वाकली. मीही हसलो. पोट धरून हसलो.

मग उठून तोंड धुवायला गेलो आणि नळ सोडून ठेवला.